कच्च्या काळजाचा वाचक आणि मानवत

मागच्या रांगेपर्यंत आवाज येतोय ना? येत नसेल तर हात वर करा. (हशा)

मागच्या महिन्यात आपण भयानक रसाबद्दल बोललो. ओघात नारायण धारपांचं नाव निघालं, रत्नाकर मतकरींचं निघालं, आणि आम्ही नको तितके रंगलो. व्याख्यान संपल्यावर एक तरुण भेटायला आला, मानवतकडचा. म्हणाला, ‘सर, तुम्हाला भयकथा एवढ्या आवडतात, मग आमच्या गावाची गोष्ट तुम्ही कधीच का काढत नाही?’ आम्ही म्हटलं, वेळ कमी होता. हे काही खरं उत्तर नव्हतं. खरं उत्तर द्यायला आज हा विषय घेतलाय.

आधी कबुली देऊन टाकू. आम्ही कच्च्या काळजाचे आहोत. रक्त तपासायला सुई निघाली की आम्ही भिंतीवरच्या कॅलेंडरकडे बघतो. वर्तमानपत्रात खुनाची बातमी आली की मथळा वाचतो आणि पान उलटतो. आणि हाच माणूस वयाच्या चौदाव्या वर्षापासून भुतांच्या गोष्टी अधाशासारखा वाचत आलाय. ‘नवल’चे जुने अंक, ‘धनंजय’चे दिवाळी अंक, धारपांच्या कादंबऱ्या. घरात सगळे झोपल्यावर, दिव्यावर कागद लावून. त्या गोष्टींतही माणसं मरतात की! फार वाईट मरतात. पण तिथं आम्ही पान उलटतो ते पुढं काय झालं म्हणून. घरच्यांना हा ढोंगीपणा वाटतो. सूनबाई म्हणतात, ‘बाबांना रक्त चालतं, फक्त ते खोटं पाहिजे.’ वाक्य चांगलं आहे. त्याचा विचार करू.

यावर तत्त्वज्ञांनी बरंच लिहिलंय, पण आम्ही दोघांनाच बोलावणार आहोत. पहिले प्लेटो. ‘रिपब्लिक’च्या चौथ्या भागात लिऑन्टियस नावाच्या माणसाचा किस्सा आहे. तो बंदराकडून अथेन्सकडं येत असतो, वाटेत जल्लादाजवळ प्रेतं पडलेली दिसतात. बघावंसं वाटतं आणि स्वतःची किळसही येते. थोडा वेळ तोंड झाकून उभा राहतो, स्वतःशी झगडतो, शेवटी हरतो, डोळे फाडून धावत जातो आणि स्वतःच्या डोळ्यांनाच शिव्या घालतो की घ्या, बघून घ्या पोटभर! दुसरे एडमंड बर्क. 1757 साली उदात्ताची चिकित्सा करताना ते म्हणतात, कल्पना करा, उत्तमातली उत्तम शोकांतिका लागली आहे, नट, नेपथ्य, संगीत सगळं अव्वल. पडदा वर जाणार एवढ्यात कुणी सांगतं की शेजारच्या चौकात एका बड्या राजबंद्याला आत्ता फाशी देणार आहेत. नाट्यगृह क्षणात रिकामं होईल, हे बर्क यांना पक्कं ठाऊक आहे.

आम्ही त्या रिकाम्या नाट्यगृहात बसून राहिलेले म्हातारे आहोत. आता यात सद्गुण आहे, असं आम्ही म्हणत नाही. कदाचित चौकात जायची आम्हाला लाज वाटत असेल, किंवा नुसती भीती. पण बर्क यांचं बोलणं आम्हाला अपुरं वाटतं. ते गृहीत धरतात की नाटक आणि फाशी ही एकाच मालाची दोन दुकानं आहेत आणि खऱ्या मालाला गिऱ्हाईक जास्त. ही दुकानंच वेगळी आहेत, हे आपल्याकडं अभिनवगुप्तांनी हजार वर्षांपूर्वी जास्त नेमकं सांगितलं.

अभिनवगुप्त भयानक रसासाठी उदाहरण घेतात ते शाकुंतलातल्या हरणाचं. पहिल्या अंकात दुष्यंत पाठलाग करतो, हरीण जीव घेऊन पळतं. प्रेक्षकाला तिथं भय जाणवतं. पण ‘मी भ्यालो’ असं त्याला वाटत नाही, ‘हा माझा शत्रू’, ‘हा माझा मित्र’ असंही नाही. भय तेवढं उरतं, कुणाचं, कुठलं, कधीचं ही लेबलं गळून पडतात. याला साधारणीकरण म्हणतात, तुम्हाला शब्द नवा नाही. आणि रसाच्या आड येणारी विघ्नं ते मोजतात, त्यात एक विघ्न हेच आहे, की समोरचं सुखदुःख माझं की परक्याचं, या स्थळाचं, या काळाचं, असं चिकटून राहणं.

आता ‘मानवत’ हा शब्द उच्चारा. परभणीच्या सभागृहात बसून उच्चारा. लेबलं गळतील? मनमाडकडं जाणाऱ्या गाडीत बसलेल्या प्रत्येकानं मानवत रोड स्टेशन पाहिलंय. कुणी तिथं कापूस विकलाय, कुणाची बहीण तिथं दिलीय. आमच्यासाठी ते विघ्न कायमचंच आहे.

1972 साल परभणीकरांना दोन गोष्टींसाठी आठवतं. कृषी विद्यापीठ मिळालं आणि पाऊस मिळाला नाही. आम्ही तेव्हा विशीत होतो, एम. ए. करत होतो, सुट्टीला घरी यायचो. रेशनवर लाल मिलो, दुष्काळी कामांवर सुकडी, विहिरींचे तळ दिसत होते. त्याच वर्षी 14 नोव्हेंबरला मानवतला पहिला खून झाला. 4 जानेवारी 1974 पर्यंत ते सत्र चाललं. मेलेल्यांत दहा-अकरा वर्षांच्या मुली होत्या, तिशी-पस्तिशीच्या बाया होत्या, एक तान्हं लेकरूसुद्धा होतं. सरकारी पक्षानं कोर्टात मांडलेली हकीकत तुम्ही ऐकून आहात. वाड्यातला पिंपळ, पिंपळावरचा मुंजा, जमिनीखालचं गुप्तधन, संततीची आस, आणि हे सगळं मिळावं म्हणून मांत्रिकानं सांगितलेलं कुमारिकांचं रक्त. आम्ही इथं कुणाचंही नाव घेणार नाही, आरोपींचं नाही आणि मेलेल्यांचंही नाही.

आमची धाकटी बहीण तेव्हा अकरा वर्षांची होती. पाणी आणायला तिनं एकटीनं जायचं नाही, असा आईचा हुकूम निघाला. परभणीत, मानवतपासून एवढ्या लांब! दुष्काळात पाण्याला जाणं हे घरोघरी मुलींचंच काम, त्यामुळं हुकूम मोडायचा कुणी, हाही प्रश्न होता. मग आम्ही हंडा घेऊन तिच्या मागं जायचो आणि गल्लीतली पोरं आम्हाला हसायची. आणि एक गोष्ट घडली ती आम्हाला फार उशिरा, शिकवायला लागल्यावर, महत्त्वाची वाटली. आमची आजी भुताच्या गोष्टी सांगण्यात पटाईत होती. मुंजा, हडळ, चकवा, सगळे तिच्या ओळखीचे. त्या हिवाळ्यात तिनं गोष्टी बंद केल्या. कुणी सांगितलं नव्हतं. आम्ही मागितली तर म्हणाली, ‘आता नको रे बाबा.’

धारप वाचताना आम्हाला मजा येते, कारण मुंजा नाही हे आम्हाला ठाऊक असतं. अमेरिकन तत्त्वज्ञ नोएल कॅरोल यांनी 1990 साली भयकथेवर एक अख्खा ग्रंथ लिहिला. त्यांच्या मते भयकथेतला राक्षस हा आपल्या विज्ञानाच्या हिशेबात बसत नाही, तो असूच शकत नाही, म्हणून तर त्याच्याबद्दल कुतूहल. ठीक. पण मानवतमध्ये काय झालं? तिथं सरकारी पक्षाच्या म्हणण्याप्रमाणं कुणीतरी तीच गोष्ट, पिंपळाची, मुंजाची, हंड्यातल्या सोन्याची, खरी मानली. आजीची गोष्ट आणि ही गोष्ट, कथानक एकच! म्हणून आजी गप्प झाली. तिला कळलं होतं की ऐकणाऱ्यांतला प्रत्येक जण गोष्ट म्हणून ऐकत नाही.

इथं ‘तुंबाड’ आठवतो. 2018चा, राही अनिल बर्वे यांचा. तुमच्यातल्या पुष्कळांनी पाहिलाय, माना हलतायत. वाडा, पाऊस, पुरलेलं सोनं, हाव. हस्तरला भुलवायला बापलेक खाली उतरतात ते पिठाच्या बाहुल्या घेऊन. आम्ही तो चित्रपट दोनदा पाहिला, डोळे न झाकता. त्या पिठाच्या बाहुलीवरून आमचं मन गेलं कोहळ्याकडं. देवीपुढं कोहळा फोडतात तो कशाच्या जागी, हे तुम्हाला सांगायला नको. यज्ञातही पिठाचा पशू करायची सोय होती. बळी मागणारी कल्पना जुनी आहे, ती एका झटक्यात जात नाही, म्हणून आपल्या पूर्वजांतल्या शहाण्या माणसांनी तिच्या हातात भाजी ठेवली. भयकथा हा आमच्या मते कोहळाच आहे. फोडायचा, आत लाल कुंकू दिसायचं, अंगावर काटा यायचा आणि घरी जाऊन जेवायचं. सूनबाईंच्या वाक्याला हे आमचं उत्तर. रक्त खोटं पाहिजे, बरोबर. त्यासाठीच तर कोहळा आणला. मानवतला कुणीतरी कोहळा नाकारला.

एवढी प्रस्तावना झाल्यावर मानवतवर जे लिहिलं गेलं, दाखवलं गेलं, त्याकडं वळू. आम्ही कच्च्या काळजानं, पण वाचलं आहे. या महिन्यात निग्रहानं वाचलं.

पहिलं रमाकांत कुलकर्णी यांचं पुस्तक, ‘फूटप्रिंट्स ऑन द सँड ऑफ क्राइम’. मुंबईच्या गुन्हे शाखेचे अधिकारी, रामन राघवचा छडा लावणारे, पुढं राज्याचे पोलीस महासंचालक झाले. मानवतचा तपास त्यांच्या हातात आला. माणूस सभ्य, बुद्धी कुशाग्र. पुस्तक आम्ही तीनदा हातात घेतलं आणि तिसऱ्यांदा दुपारच्या उन्हात, अंगणात बसून मानवतचं प्रकरण वाचायला सुरुवात केली. आमची तक्रार त्यांच्याबद्दल नाही, या प्रकाराबद्दल आहे. तपास करणारा लिहितो तेव्हा गोष्ट सुरू होते तो आल्यावर. धारपांच्या वाचकांना समर्थ आठवतील. संकट टिपेला पोचतं आणि समर्थ येतात, मग आपण निर्धास्त. सत्य गुन्हेकथेतला अधिकारी नकळत समर्थांच्या पाटावर बसतो. मग वाचक प्रत्येक खुनाकडं एक धागा म्हणून बघायला लागतो, हा मिळाला, आता पुढचा. आम्हीही तसंच बघायला लागलो होतो, आणि तिथंच पुस्तक मिटलं. धारपांचे समर्थ वेळेवर येतात हो! मानवतला पहिल्या खुनापासून शेवटच्यापर्यंत जवळजवळ चौदा महिने गेले.

दुसरा, अमोल पालेकर यांचा ‘आक्रीत’, 1981. त्यांनी दिग्दर्शित केलेला पहिला चित्रपट, पटकथा विजय तेंडुलकरांची. हा आम्ही तेव्हाच पाहिला आणि शेवटपर्यंत बसलो. याचं आम्हालाच आश्चर्य वाटलं होतं. आज वाटतं, कारण साधं होतं. नावं बदललेली होती. पालेकर-तेंडुलकरांनी मानवतला गोष्टीत नेलं, लेबलं काढली, आणि मग पैसा, सत्ता, एका बाईची असुरक्षितता, गरिबांच्या लेकरांची स्वस्ताई हे दिसायला लागलं. अभिनवगुप्त हसले असते. पण त्यातही एक काटा आहे आणि आम्ही तो लपवत नाही. नावं बदलल्यानं सोय आमची झाली. ज्यांच्या घरी घडलं त्यांना त्या बदलानं काय मिळालं, हे आम्ही त्या दिवशी टॉकीजमधून बाहेर पडताना स्वतःला विचारलं नाही.

तिसरी ‘मानवत मर्डर्स’ ही मालिका, 2024च्या ऑक्टोबरात आली. दिग्दर्शक आशिष बेंडे, आधार कुलकर्णींचं पुस्तक, कुलकर्णींच्या भूमिकेत आशुतोष गोवारीकर. मकरंद अनासपुरे, सोनाली कुलकर्णी, सई ताम्हणकर, कामं सगळ्यांची तयारीची. नातवानं लावून दिली. आम्ही ती दिवसा पाहिली, रिमोट हातात धरून, काही ठिकाणी आवाज बंद करून. आणि आवाज बंद केल्यावर एक शोध लागला, तो समीक्षक म्हणून सांगतो. आमची भीती निम्म्यानं कमी झाली. म्हणजे ती भीती बरीचशी संगीतानं आणलेली होती, ‘तुंबाड’मध्ये येते तशी. रात्र, पिंपळ, मंत्र, ढोल. ही कोहळ्याची साधनं आहेत. कोहळ्यासाठी ती उत्तम. पण जिथं लेकरू खरं होतं, तिथं ढोल कशाला? गंमत बघा, त्याच वर्षी जूनमध्ये ‘मुंज्या’ नावाचा हिंदी चित्रपट आला होता, त्यात हाच मुंजा लोकांना हसवून गेला. चार महिन्यांच्या अंतरानं तोच पिंपळ. आम्हाला ‘मुंज्या’बद्दल काही म्हणायचं नाही, तिथं करार स्वच्छ आहे.

जाता जाता, खुन्याच्या लेखणीतून आलेलं पुस्तकही मराठी वाचकाला ठाऊक आहे. 1976-77च्या पुण्यातल्या जोशी-अभ्यंकर खून खटल्यातला एक दोषी, मुनव्वर शाह, यानं फाशीपूर्वी तुरुंगात आत्मकथन लिहिलं, ‘येस, आय ॲम गिल्टी’. ते आम्ही अर्ध्यावर सोडलंय. पश्चात्ताप खरा असेलही, पण त्या पुस्तकात बोलायला फक्त तोच उरलेला आहे.

आता चौथा मजकूर. याला कुणी साहित्य म्हणत नाही. 19 एप्रिल 1977चा सर्वोच्च न्यायालयाचा निकाल, न्यायमूर्ती यशवंतराव चंद्रचूड यांनी लिहिलेला. एका वकील मित्रानं छापून आणून दिला. म्हणाला, ‘तू हा वाचणार? तुला तर डास मारवत नाही.’ आम्ही एका बैठकीत वाचला. रात्री वाचला! झोपही लागली.

का वाचवला गेला? त्यात लपवाछपवी आहे म्हणून नव्हे. घाव आहेत, हत्यारं आहेत, तारखा आहेत. पण वाक्य थांबतं ते घावापाशी थांबत नाही, पुराव्यापाशी थांबतं. माफीचा साक्षीदार स्वतःच गुन्ह्यात सामील, मग त्याच्या शब्दावर किती विसंबायचं? त्याला स्वतंत्र दुजोरा हवा, आणि प्रत्येक आरोपीपुरता हवा. कबुलीजबाब दंडाधिकाऱ्यानं कसा नोंदवला? या आरोपीचं नाव दुसरं कोण घेतं? अशी पानंच्या पानं. सगळेच आरोप टिकले नाहीत. काहींना शिक्षा झाली, काही सुटले. भयकथेत असं चालत नाही, तिथं शेवटी राक्षस एकच असतो आणि तो सापडतो. कायद्याच्या विद्यार्थ्यांना हा निकाल वेगळ्याच कारणानं पाठ असतो. दोषी ठरवल्यावर शिक्षा किती द्यायची, यावर आरोपीचं म्हणणं वेगळं ऐकलंच पाहिजे, हा नव्या दंड प्रक्रिया संहितेतला नियम त्यात ठामपणे सांगितलाय. ज्या खटल्याच्या नुसत्या नावानं जिल्हा शहारत होता, त्यात कोर्ट शांतपणे विचारतं, तुम्हाला शिक्षेबद्दल काय सांगायचंय. आम्ही ते वाक्य वाचून चष्मा काढून ठेवला.

निकालात आम्हाला भीती वाटली नाही, वाईट वाटलं. इतक्या वर्षांत मानवतबद्दल आम्हाला वाईट वाटायला वेळच मिळाला नव्हता, घाबरण्यातच गेला. हे आमच्या कच्च्या काळजाच्या खात्यात आम्ही उणे म्हणून मांडतो. मान फिरवणारा माणूस मेलेल्यांचा मान राखतो, असं आम्ही स्वतःला समजावत आलो. पण मान फिरवल्यानं त्या मुली आमच्या मनात ‘मानवतचं प्रकरण’ होऊनच राहिल्या, त्या पाण्याला जाणाऱ्या, बहिणीएवढ्या पोरी होत्या हे काही आत आलं नाही. डोळे फाडून बघणारा लिऑन्टियस आणि तोंड झाकणारा लिऑन्टियस, दोघांच्याही नजरेत शेवटी प्रेतंच होती.

तुम्ही म्हणाल, मग सर, निकालच वाचायचे का? नाही हो, कोण वाचणार! पण लिहिणाऱ्यांनी त्यातून एक घेण्यासारखं आहे. सुतकाच्या घरी आपण जातो तेव्हा कसे वागतो? जातो, बसतो, कसं झालं ते विचारतो, कारण न विचारणंही बरं दिसत नाही. त्या घरचे सांगतात तेवढं ऐकतो. निघताना ‘येतो’ म्हणत नाही. ही रीत खेड्यातल्या पोरालाही कुणी न शिकवता येते. लिहिताना आणि बघताना ती कुठं जाते, हा आमचा प्रश्न आहे. आणि ही गोष्ट 1974ला संपली असंही नाही. 2013च्या डिसेंबरात, दाभोलकरांच्या खुनानंतर चार महिन्यांनी, विधिमंडळानं जादूटोणाविरोधी कायदा केला. त्याच्या अनुसूचीत गुप्तधनाच्या शोधासाठी केलेल्या अघोरी कृत्यांचा आणि नरबळीचा उल्लेख नाव घेऊन करावा लागला. कायद्याला कोहळ्याचा भाव वेगळा लिहून ठेवावा लागतो.

त्या तरुणाला आम्ही परवा फोन केला. विचारलं, ‘तुमच्या घरी ही गोष्ट कशी सांगतात?’ तो थोडा वेळ गप्प बसला. म्हणाला, ‘सर, घरी कुणी सांगतच नाही. आजी तेव्हा दहा वर्षांची होती. मी मोबाईलवर मालिका लावली तेव्हा ती नुसतं नाव ऐकून उठून आत गेली. मग दाराशी येऊन म्हणाली, संपलं का?’

‘मग?’ आम्ही विचारलं.

‘मग मी बंद केली. तिनं विचारलं, त्यात नदीकडची वाट दाखवली का. मी म्हटलं, आई, ती दुसरीकडंच कुठंतरी शूटिंग केलेली आहे. तर म्हणाली, मग बरं.’

तो आज आला आहे, तिसऱ्या रांगेत बसलाय, पण आम्ही त्याला उभं करणार नाही. कुलकर्णींचं पुस्तक अजून आमच्या टेबलावर आहे, खूण बत्तिसाव्या पानावर. उन्हं परतली की पुढं वाचू. आता कुणाला विचारायचं असेल तर विचारा, पाणी आलं का बघा कुणीतरी.